अद्भुतरम्य दूरचित्रवाणी-मालिकेतील नायकभेद : 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या अनुषंगाने

१. विषयप्रवेश

'नायक' ही संज्ञा आपण दोन भिन्न अर्थांनी वापरीत असतो. कथा ज्याच्याभोवती रचली जाते आणि ज्याच्या कृतीने ती पुढे सरकते, तो नायक, हा एक अर्थ. जो आदरास व अनुकरणास पात्र असतो, तो नायक, हा दुसरा अर्थ. पहिला अर्थ रचनेसंबंधी आहे, दुसरा मूल्यासंबंधी. प्राचीन महाकाव्यांत व नाटकांत हे दोन्ही अर्थ बहुधा एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र आलेले असतात. त्यामुळे त्यांतील अंतर सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ज्या कृतीत हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर जातात, तेथे मात्र वाचकाची किंवा प्रेक्षकाची मोठी अडचण होते. ज्याच्याबरोबर आपण वर्षानुवर्षे चाललो, त्याचा आदर करावा की नाही, हा प्रश्न तेथे टाळता येत नाही.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार 'गेम ऑफ थ्रोन्स' ह्या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या आधारे करावयाचा आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ह्या कादंबरीमालेवर ती आधारलेली आहे. ह्या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली व पाचवा २०११ साली प्रसिद्ध झाला. डेव्हिड बेनिऑफ व डी. बी. वाइस यांनी सिद्ध केलेली ही मालिका एचबीओ ह्या वाहिनीवरून १७ एप्रिल २०११ ते १९ मे २०१९ ह्या काळात आठ पर्वांत प्रक्षेपित झाली. तिचे एकूण ७३ भाग आहेत. पाचव्या पर्वानंतर मालिकेचे कथानक प्रसिद्ध ग्रंथांच्या पुढे गेले. म्हणून येथे केलेला विचार मालिकेपुरताच मर्यादित आहे, कादंबऱ्यांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

मालिकेचा शेवट प्रक्षेपित झाल्यावर प्रेक्षकवर्गात तीव्र असंतोष उत्पन्न झाला. अखेरचे पर्व नव्याने तयार करावे, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर १० लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ह्या असंतोषाच्या मुळाशी मुख्यतः डेनेरिस टार्गेरियन ह्या नायिकेचा शेवट होता. अमेरिकेत शेकडो पालकांनी आपल्या नवजात मुलींना तिच्या पदवीवरून 'खलीसी' हे नाव ठेवले होते. अशा नायिकेने शरण आलेले नगर जाळावे, हे पुष्कळांना सहन झाले नाही. हा केवळ रुचिभेदाचा प्रश्न नव्हे. नायक ओळखण्याच्या आपल्या रीतीसंबंधीच काही मूलभूत प्रश्न त्यातून उपस्थित होतात.

२. विचाराची साधने

नायकभेदाचा शास्त्रीय विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आणि पुढे दहाव्या शतकात धनंजयाने रचलेल्या 'दशरूपका'त धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत. मनाचे मोठे बळ, गांभीर्य, क्षमा, आत्मप्रौढीचा अभाव आणि व्रताचा दृढपणा ही धीरोदात्ताची लक्षणे होत. दर्प, क्रोध, असहिष्णुता व आत्मश्लाघा ही धीरोद्धताची. धीरललित हा निश्चिंत, कलासक्त व मृदू असतो. तर धीरप्रशांत हा राजकुलाबाहेरचा, शांत वृत्तीचा पुरुष असतो. चारही नावांत 'धीर' हे पद समान आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

ह्या मांडणीतील दोन बारकावे आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, धनंजयाने प्रतिनायकाचे वर्णन करतानाही त्याला धीरोद्धतच म्हटले आहे. म्हणजे नायकाच्या चार प्रकारांपैकी एक प्रकार असा आहे की, त्याच स्वभावाचा पुरुष कथेत विरोधकाच्या जागीही उभा राहू शकतो. दुसरा बारकावा 'दशरूपका'वरील 'अवलोक' ह्या टीकेत धनिकाने नोंदविला आहे. गौण, म्हणजे अंगभूत पात्रांची अवस्था प्रसंगानुसार बदलली तरी चालते. एकाच परशुरामाचे वर्तन भिन्न व्यक्तींच्या संदर्भात भिन्न असू शकते. परंतु अंगी, म्हणजे प्रधान नायकाची जी अवस्था आरंभी घेतली असेल, ती सोडून त्याला दुसरी अवस्था देणे योग्य नव्हे, असे त्याचे मत आहे.

पाश्चात्त्य विचारवंतांपैकी तिघांचा उल्लेख येथे पुरेसा होईल. लॉर्ड रॅग्लन यांनी १९३६ साली पुराणकथांतील वीराच्या चरित्राचा २२ लक्षणांचा एक साचा मांडला. राजकुलातील जन्म, बालपणी आलेले संकट, परक्यांच्या घरी झालेले संगोपन, पुढे राज्यप्राप्ती आणि अखेरीस लोकांच्या मर्जीतून उतरणे ही त्यांतील काही लक्षणे होत. जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली वीराच्या यात्रेचे प्रस्थान, दीक्षा व परतणे असे तीन टप्पे सांगितले. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९५७ साली नायकाचे वर्गीकरण त्याच्या नीतीवरून न करता त्याच्या कर्तृत्वशक्तीवरून केले. देव, अद्भुतकथेतील वीर, श्रेष्ठ मानव, सामान्य मानव आणि आपल्याहूनही दुबळा असा उपहासविषय, ह्या त्यांच्या पाच पायऱ्या होत. युरोपीय साहित्याचे केंद्र सुमारे पंधरा शतकांत ह्या पायऱ्या उतरत खाली आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

'गेम ऑफ थ्रोन्स'चे वैशिष्ट्य असे की, ह्या सर्व पायऱ्यांवरील पात्रे तेथे एकाच वेळी वावरतात, आणि त्यांपैकी अंगी कोण हे प्रेक्षकाला अखेरपर्यंत निश्चितपणे कळू दिले जात नाही. महाभारताचा नायक कोण, ह्या आपल्याकडील जुन्या वादाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. एकेक व्यक्ती स्वतंत्रपणे घेऊन तिच्या आचरणाची तपासणी करण्याची जी पद्धती इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) ह्या ग्रंथात योजिली, तीच अशा बहुनायकी कृतीला उपयोगी पडते. तिलाच अनुसरून पुढील विवेचन केले आहे.

३. सत्यनिष्ठ नायक : एडर्ड स्टार्क

पहिल्या पर्वात नायकपदाचा मान उत्तरेचा अधिपती एडर्ड स्टार्क याच्याकडे जातो. जो शिक्षा सुनावतो, त्यानेच ती स्वहस्ते अंमलात आणावी, हा त्याचा दंडक पहिल्याच भागात दाखविला आहे. गांभीर्य, क्षमा, अनात्मश्लाघा ही धीरोदात्ताची लक्षणे त्याच्या ठिकाणी स्पष्ट दिसतात. राजाचा प्रधान म्हणून राजधानीत गेल्यावर राजपुत्र हे राजाचे औरस पुत्र नव्हेत, असे त्याला कळते. तो हे प्रथम राणी सर्सीलाच सांगतो. राजाचा कोप होण्यापूर्वी तिने मुलांना घेऊन निघून जावे, हा त्याचा हेतू असतो. ह्या दयेचा परिणाम असा होतो की, सर्सीला प्रतिकाराची सिद्धता करण्यास अवधी मिळतो. १२ जून २०११ रोजी प्रक्षेपित झालेल्या नवव्या भागात एडर्डचा शिरच्छेद होतो.

ह्या घटनेचा अर्थ 'सज्जनाला जगात स्थान नाही' असा सामान्यतः लावला जातो. तो अपुरा आहे. एडर्ड केवळ सत्यामुळे मरत नाही. मृत्युशय्येवरील राजाने सांगितलेल्या मृत्युपत्रात तो राजपुत्राचे नाव न लिहिता 'न्याय्य वारस' असे शब्द घालतो. मुलीचे प्राण वाचावेत म्हणून तो लोकांसमोर खोटा कबुलीजबाब देतो. आणि २०१६ साली, सहाव्या पर्वाच्या शेवटी, आपल्याला कळते की, ज्याला तो आपला अनौरस पुत्र म्हणून वाढवीत होता, तो जॉन स्नो वस्तुतः त्याच्या बहिणीचा मुलगा होय. त्या बालकाच्या जीवासाठी ह्या सत्यनिष्ठ पुरुषाने जन्मभर असत्य सांगितले, आणि आपल्या कीर्तीवर डाग घेतला. एडर्डची श्रेष्ठता त्याच्या नियमनिष्ठेत आहेच. परंतु दुर्बलाच्या रक्षणासाठी तो नियम मोडतो, तेथे ती अधिक आहे. ही दुसरी श्रेष्ठता मात्र कोणाला दिसत नाही. दृश्य कीर्ती व अदृश्य कृती यांतील हे अंतर मालिकेत पुढे वारंवार आढळेल.

४. नियतिनिर्दिष्ट नायक : जॉन स्नो

एडर्डनंतर प्रेक्षकाची दृष्टी जॉनकडे वळते. गुप्त राजवंश, परक्या घरी संगोपन, उत्तरेकडील हिमभिंतीवरील रक्षकदलात प्रवेश, सहकाऱ्यांच्याच हातून मृत्यू (२०१५) आणि पुनरुज्जीवन (२०१६) असा त्याचा जीवनक्रम आहे. रॅग्लन यांचा साचा व कॅम्बेल यांचे टप्पे त्याला जणू मोजून लावावेत असे लागू पडतात. शिवाय अंधकाराशी लढणारा एक तारक येईल, असे भाकीतही कथेत आहे.

तथापि मालिका हा साचा पूर्ण उभा करून अखेरीस त्याचे फलित नाकारते. हिमप्रेतांच्या अधिपतीचा वध जॉन करीत नाही. त्याची बहीण म्हणून वाढलेली आर्या करते, आणि तिच्यासंबंधी तारकपदाचे भाकीत कोणीच केलेले नसते. जॉनचा खरा वंश उघड झाल्याने त्याला राज्य मिळत नाही. उलट डेनेरिसच्या मनात संशय उत्पन्न होतो. अखेर तो पुन्हा त्याच भिंतीकडे हद्दपार होतो.

भाकिताच्या आधाराने नायक ठरविण्यात कोणता धोका आहे, हे स्टॅनिस बराथिअन याच्या चरित्रावरून अधिक स्पष्ट होते. आपणच तो तारक आहोत अशी मेलिसांद्रे ह्या पुजारिणीने त्याची खात्री करून दिलेली असते. स्टॅनिस दुराचारी नाही. तो कठोर, न्यायी व कर्तव्यनिष्ठ आहे. परंतु जगाचे तारण आपल्या विजयावर अवलंबून आहे असे एकदा मानले की, त्या विजयासाठी द्यावयाच्या किमतीला मर्यादा उरत नाही. २०१५ साली प्रक्षेपित झालेल्या एका भागात तो स्वतःच्या शिरीन ह्या मुलीला अग्नीत देतो, आणि पुढच्याच भागात त्याचा पराभव होतो. जॉनचे मोठेपण असे की, तो तारकपदावर हक्क सांगत नाही. जे त्याचे पिढीजात शत्रू मानले गेले, त्या भिंतीपलीकडील टोळ्यांना तो आत घेतो. कारण तीही माणसेच आहेत, एवढेच त्याचे कारण असते. त्याच्या नायकत्वाचा हा खरा आधार होय. त्याच्या वंशाशी त्याचा काही संबंध नाही.

५. वाक्कुशल नायक आणि ग्रंथोपजीवी नायक

टिरियन लॅनिस्टर हा बुटका असल्यामुळे पित्याच्या तिरस्काराचा विषय झालेला आहे. शस्त्रापेक्षा वाणी व बुद्धी हीच त्याची साधने होत. ही भूमिका करणारे पीटर डिंक्लेज यांना तिच्यासाठी चार वेळा एमी पारितोषिक मिळाले. दुसऱ्या पर्वात टिरियन राजधानीचे रक्षण करतो, परंतु विजयाचे श्रेय त्याच्या पित्याला दिले जाते. मात्र त्याला केवळ उपेक्षित बुद्धिमंत मानणे हे भाबडेपणाचे होईल. तो पित्याचा वध करतो, पूर्वीच्या प्रेयसीचाही करतो; आणि डेनेरिसचा प्रधान झाल्यावर त्याचे अनेक सल्ले फसतात. बुद्धी हे गुणाचे साधन आहे, तो स्वतः गुण नव्हे, हे त्याच्या चरित्रातून दिसते.

सॅमवेल टार्ली हा धीरप्रशांताच्या जवळचा मानावा लागेल. तो लठ्ठ व भित्रा आहे, आणि आपल्या भित्रेपणाची कबुली तो स्वतःच देतो. तरीही ज्वालामुखी-काचेच्या शस्त्राने हिमप्रेताचा वध प्रथम त्याच्याच हातून होतो. फ्राय यांच्या परिभाषेत तो सामान्य मानवाच्या पायरीवरचा नायक होय. शेवटच्या भागात राजा निवडण्यासाठी सरदार जमतात, तेव्हा सर्व प्रजेचे मत घ्यावे अशी सूचना एकटा सॅमवेल करतो. सरदार हसतात आणि विषय संपतो. हा प्रसंग काही क्षणांचा आहे, पण त्याचे महत्त्व मोठे आहे. आठ पर्वे आपण ज्या नायकांची तुलना करीत आलो, त्यांच्यासंबंधी ज्यांची घरे जळली त्या लोकांचे मत कधी विचारलेच गेले नाही, ही गोष्ट त्या हास्यामुळे लक्षात येते.

६. पतित नायक व व्रतस्थ नायिका

जेमी लॅनिस्टर पहिल्या भागाच्या शेवटी एका बालकाला खिडकीतून खाली लोटतो. प्रतिनायक म्हणून त्याची ओळख ह्याहून स्पष्टपणे करून देणे शक्य नव्हते. 'राजघातकी' ही निंदाव्यंजक उपाधी त्याला चिकटलेली असते. कारण राजाचा अंगरक्षक असूनही त्याने राजा एरिसचा वध केला होता. परंतु २०१३ सालच्या तिसऱ्या पर्वात, हात तोडला गेल्यानंतर, तो ब्रिएनला ह्या वधाचे कारण सांगतो. वेडसर राजाने संपूर्ण नगर ज्वालाग्राही द्रव्याने जाळण्याची आज्ञा दिली होती, आणि ती रोखण्यासाठी जेमीने त्याला मारले होते. लाखो लोकांचे प्राण वाचविणारी कृती हीच त्याच्या अपकीर्तीचे कारण ठरली.

ब्रिएन ही त्याच्या नेमकी उलट आहे. तिने घेतलेली शपथ ती अक्षरशः पाळते. शौर्य, निष्ठा व दुर्बलांचे रक्षण ही सरदारधर्माची सर्व लक्षणे तिच्या ठिकाणी आहेत, परंतु स्त्री असल्यामुळे त्या धर्माची पदवी तिला मिळत नाही. २०१९ साली आठव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात जेमी तिला ती पदवी देतो. पदवी असून धर्म नसलेले अनेक पुरुष दाखविल्यानंतर धर्म असून पदवी नसलेल्या स्त्रीचा हा सन्मान येतो. मालिकेतील अत्यंत समाधानकारक प्रसंगांपैकी तो एक होय.

जेमीचा उद्धार मात्र पूर्ण होत नाही. अखेरीस तो सर्सीकडे परत जातो आणि तिच्यासह ढिगाऱ्याखाली मरतो. पुष्कळांना हा रचनेतील दोष वाटला. पतिताचा उद्धार हा एकदा घडून कायमचा टिकणारा प्रसंग असतो, ही आपली अपेक्षा ह्या असमाधानामागे आहे. मनुष्याचा स्वभाव त्या अपेक्षेला बांधलेला नाही.

७. मुक्तिदात्री : डेनेरिस टार्गेरियन

आता आपण मुख्य प्रश्नाकडे वळू. डेनेरिस ही पदच्युत राजवंशातील निर्वासित कन्या. भाऊ तिला सैन्याच्या मोबदल्यात एका भटक्या टोळीच्या नायकाला देतो. पतीच्या चितेतून ती तीन व्यालशिशूंसह जिवंत बाहेर येते. पुढे अस्तापोर, युंकाय व मीरीन ह्या नगरांतील गुलामांना ती मुक्त करते, आणि मुक्त झालेले लोक तिला माता म्हणून हाक मारतात. प्रेक्षकाचे प्रेम तिला मिळावे, यासाठी ह्याहून अधिक काय हवे ?

तथापि ह्याच प्रवासातील काही प्रसंग क्रमाने मांडून पाहावेत. मीरीनच्या वाटेवर धनिकांनी १६३ बालकांना खांबांवर खिळलेले असते. नगर जिंकल्यावर डेनेरिस १६३ धनिकांना तशीच शिक्षा देते. त्यांपैकी एकाचा मुलगा तिला येऊन सांगतो की, आपल्या पित्याने बालकांच्या वधाला विरोध केला होता. संख्या जुळली होती, पण दोषी कोण याची चौकशी झाली नव्हती. चौथ्या पर्वाच्या शेवटी एक वृद्ध शिक्षक तिच्याकडे येतो आणि जुन्या धन्याकडेच परत जाण्याची परवानगी मागतो. नव्या स्वातंत्र्यात त्याला आसरा उरलेला नसतो. त्याच वेळी एक गरीब पिता आपल्या मुलीची जळालेली हाडे तिच्यासमोर ठेवतो. डेनेरिस दुःखी होते आणि दोन व्यालांना साखळदंड घालते. २०१७ सालच्या सातव्या पर्वात मात्र ती शरण येण्यास नकार देणाऱ्या दोघा युद्धकैद्यांना, पितापुत्रांना, जिवंत जाळते. १२ मे २०१९ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात राजधानीच्या शरणागतीच्या घंटा वाजतात, आणि त्या वाजल्यानंतर ती नगर जाळते.

येथे धनिकाचा नियम आठवावा. प्रधान नायकाची आरंभी घेतलेली अवस्था बदलू नये, असे तो सांगतो. डेनेरिस आरंभी उदात्त होती व शेवटी क्रूर झाली असे मानले, तर ह्या नियमाचा भंग झाला असे म्हणावे लागेल. आणि असंतुष्ट प्रेक्षकांचा आक्षेप, शास्त्राचे नाव न घेता, नेमका हाच होता. परंतु वर मांडलेला प्रसंगक्रम पाहता दुसरा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. डेनेरिस ही प्रारंभापासून धीरोद्धत प्रकृतीची नायिका आहे. दर्प, क्रोध व स्वतःच्या न्याय्यत्वाविषयीचा अढळ विश्वास हे तिचे गुण पहिल्या पर्वापासून दिसतात. ह्याच गुणांच्या बळावर तिने शृंखला तोडल्या. बदलला तो तिच्या क्रोधाचा विषय. तो गुलामांच्या मालकांवर होता, तोपर्यंत ती नायिका होती. तो नगरवासीयांवर वळताच ती प्रतिनायिका झाली. दोन्ही स्थानांवरील स्वभाव एकच असू शकतो, हे धनंजयाच्या व्याख्येने आधीच सांगून ठेवले आहे.

ह्याचा अर्थ गुलामांची मुक्ती खोटी ठरते असा नव्हे. ती खरीच होती, आणि तिचे मोल कमी होत नाही. परंतु प्रत्येक पायरीवर प्रेक्षकाने जी टाळी दिली, ती न्यायाला दिली की शिक्षेतील आनंदाला, हा प्रश्न उरतोच. शेवटच्या भागात टिरियन हाच मुद्दा जॉनसमोर मांडतो : दुष्टांना ती मारीत गेली, लोक तिची स्तुती करीत गेले, आणि आपणच योग्य आहोत हा तिचा विश्वास वाढत गेला. ह्या लोकांत प्रेक्षकही आला.

घंटा वाजतात त्याच भागात आणखी एक प्रसंग आहे, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. आर्याही सूड घेण्यासाठी त्याच नगरात आलेली असते. तिने पूर्वी घेतलेला सूड कमी भीषण नव्हता, आणि प्रेक्षकांनी त्याचेही स्वागतच केले होते. परंतु सूडापायी जन्म घालविलेला एक सोबती आपल्यासारखे होऊ नकोस असे तिला विनवितो, आणि ती परत फिरते. डेनेरिसजवळ त्या क्षणी असे सांगणारे कोणी नसते. तिचे विश्वासू सहकारी त्यापूर्वीच मारले गेलेले असतात. उद्धत प्रकृतीला आवर घालणारे माणूस जवळ असणे हे किती निर्णायक ठरते, ते ह्या दोन चरित्रांच्या तुलनेतून दिसते.

८. दोन आक्षेप

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप रचनेचा. पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी १० भाग होते, सातव्यात ७ आणि आठव्यात केवळ ६. डेनेरिसच्या स्वभावातील उद्धतपणाची बीजे आधी पेरलेली असली, तरी त्यांचा परिपाक फार घाईने दाखविला गेला, हे मान्य करावे लागते. बीज असणे आणि फळाची अपरिहार्यता प्रेक्षकाला पटणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालिका आठ वर्षे चालते, तेव्हा प्रेक्षकाचा पात्राशी जडलेला संबंध हा नाटकाच्या तीन तासांतील संबंधाहून भिन्न असतो. तो संबंध तोडावयाचा, तर त्याला तितकाच काळ द्यावा लागतो. शिवाय तिच्या कृतीचे कारण म्हणून पित्याचे वेड व वंशाचे रक्त पुढे करण्यात आले, तेथे मालिकेने स्वतःचीच हानी करून घेतली. कारण रक्तातच असेल, तर नैतिक प्रश्न उरतच नाही. आणि प्रेक्षकालाही स्वतःच्या टाळीचा विचार करण्याचे कारण राहात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सत्ता मागणारी स्त्री अखेरीस उन्मत्त ठरते, हा जुना पूर्वग्रह येथे पुन्हा दृढ होतो, असे अनेकांनी म्हटले. सावळ्या जनसमूहाने एका गौरवर्णी मुक्तिदात्रीला खांद्यावर उचलून घेणे, हे तिसऱ्या पर्वाच्या शेवटचे दृश्यही त्या काळी टीकेचा विषय झाले होते. ब्रिएन व सान्सा यांच्या चरित्रांमुळे पहिल्या आक्षेपाची धार काहीशी कमी होते, कारण उत्तरेची सत्ता अखेरीस सान्सालाच मिळते. दुसऱ्याचे निरसन मात्र सहज होण्यासारखे नाही. मुक्त झालेल्यांचे पुढे काय झाले, हे मालिकेने फारसे दाखविलेच नाही. मुक्तिदात्याची कथा सांगताना मुक्त झालेल्यांना विसरणे हा दोष मालिकेतील नायिकेचा आहेच, आणि मालिकेचाही आहे.

९. दोन राजवध आणि दोन ग्रंथ

सर्व नायकभेदांचा परस्परसंबंध कोठे जुळतो, असे विचारले, तर दोन राजवधांकडे बोट दाखवावे लागेल. जेमीने एरिसचा वध नगर जळण्यापूर्वी केला. जॉनने डेनेरिसचा वध नगर जळल्यानंतर केला. जेमीने नगर वाचविले, पण संकट प्रत्यक्ष न घडल्यामुळे त्याचा पुरावा उरला नाही, आणि तो जन्मभर घातकी ठरला. जॉनजवळ जळालेल्या नगराचा पुरावा होता, पण वाचविण्यास नगर उरले नव्हते. अनर्थ होण्यापूर्वी कृती करावी तर ती न्याय्य असल्याचे सिद्ध करता येत नाही, आणि सिद्धतेची वाट पाहावी तर कृतीला उशीर होतो. नायकत्वाचा निर्णय हा कृतीच्या वेळेवर व पाहणाऱ्याच्या माहितीवर किती अवलंबून असतो, हे ह्या दोन घटनांवरून कळते.

मालिकेच्या अखेरीस दोन ग्रंथ येतात, तेही ह्याच संदर्भात पाहावेत. राजरक्षकांच्या चरित्रग्रंथात जेमीचे पान जवळजवळ रिकामे असते, आणि पूर्वी त्याची थट्टाही झालेली असते. ब्रिएन ते पान पूर्ण करते. त्याच्या कृतींना प्रथमच योग्य नोंद मिळते. दुसरा ग्रंथ म्हणजे सर्व युद्धांचा इतिहास. तो सॅमवेल राजसभेत आणतो, आणि त्यात टिरियनचे नावच नाही असे आढळते. एक नोंद स्नेहाने केलेली आहे, दुसऱ्या नोंदीत उपेक्षा आहे. संपूर्ण सत्य दोहोंतही नाही.

१०. समारोप

ह्या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये अंगी नायक नाही. अनेक अंगभूत नायक एकामागून एक अंगीच्या जागेवर येतात व तेथून दूर होतात. म्हणून अवस्थांतराचा जुना नियम येथे तपासून घ्यावा लागतो, पण तो निरुपयोगी ठरत नाही. दोन, प्राचीन नायकभेद व आधुनिक वर्गीकरणे परस्परांना पूरक आहेत. फ्राय यांच्या पायऱ्या नायकाची शक्ती मोजतात, धनंजयाचे प्रकार त्याची प्रकृती सांगतात. डेनेरिसचे आकलन होण्यासाठी शक्ती व प्रकृती ह्या दोहोंचीही गरज आहे. तीन, रचनेतील नायक व मूल्यदृष्ट्या नायक हे एक नव्हेत, आणि हे अंतर विसरण्यास दीर्घ मालिकेचे माध्यम विशेष अनुकूल आहे. कारण दीर्घ सहवासाने उत्पन्न होणारी आपुलकी ही आदरासारखीच दिसते.

विद्यार्थ्यांनी ह्या दिशेने अन्य अद्भुतरम्य मालिकांचा अभ्यास करावा. तो करताना, नायक कोण ह्या प्रश्नाबरोबरच त्याला नायक कोणी ठरविले, केव्हा ठरविले, आणि ज्यांच्यावर त्याच्या कृतीचा परिणाम झाला त्यांना विचारले होते काय, हेही प्रश्न समोर ठेवावेत. काल्पनिक राज्यांपुरतेच ह्या प्रश्नांचे महत्त्व मर्यादित नाही, हे वेगळे सांगावयास नको.